मदत हवी आहे: पहिला ३ फुटी रीफ टँक, बेळगाव. संप की कॅनिस्टर? लाईट कोणती?

शहापूर_तीनफुटी

मंडळी, नमस्कार. बेळगावात, शहापुरात, तळमजल्यावर पहिला रीफ टँक (खाऱ्या पाण्यात मासे आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, ठेवायचा टँक) लावायचा आहे. गोड्या पाण्याचे टँक सांभाळता येतात, खाऱ्या पाण्याची काहीच माहिती नाही. काच अजून कापायला दिलेली नाही, म्हणून चुका आत्ताच पकडल्या तर बरं.

माप ९० × ४५ × ४५ सेंमी, काच १० मिमी. दोन क्लाऊनफिश, एखादा गोबी, आणि झोअँथस, मशरूम, लेदर अशी मऊ कोरल. फिल्टर आणि लाईट मिळून ४० हजारांपर्यंत जाता येईल.

१. दुकानात सांगतात, फिल्टर म्हणून कॅनिस्टर लावा, संपचा पसारा कशाला. खरं काय?

२. लाईट किती वॅटची घ्यावी? गोड्या पाण्याची ६५०० केल्विनची पांढरी एलईडी घरात पडून आहे, ती चालेल का?

३. करंट जातो. पावसाळ्यात वारं सुटलं की कधी तीन-चार तास. १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे.

४. मालवणहून दगड आणि समुद्राचं पाणी आणवता येईल. त्यानं मिठाचा आणि दगडाचा खर्च वाचेल का?

खारट_पाणी

तुमचा तिसरा प्रश्न आधी घ्या, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. आपल्या भागात प्रत्येक यंत्र घेताना बघायचं ते हेच, की करंट गेल्यावर ते काय करतं.

कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. पंप चालू असेपर्यंत आतल्या बॅक्टेरियाला ऑक्सिजन मिळतो. करंट गेला की आतलं पाणी जागच्या जागी थांबतं आणि साठलेला गाळ असलेला ऑक्सिजन खाऊन टाकतो. तीन-चार तासांनी पंप सुरू झाला की ते काळपट, वास मारणारं पाणी सरळ टँकमध्ये जातं. गाळ जितका जुना तितकं हे वाईट. शिवाय कॅनिस्टर पाण्याच्या पोटातून ओढतो, पृष्ठभागावरची तेलकट साय तशीच राहते आणि वायूंची देवाणघेवाण मंदावते. दर आठवड्याला उघडून धुणार असाल तर कॅनिस्टरवर मऊ कोरल जगतात, पण तेवढी धुलाई सहसा कोणाकडून होत नाही.

संप उघडा असतो, म्हणून तो घ्या. (इथे संप म्हणजे घराखालची पाण्याची टाकी नव्हे, स्टँडच्या आत बसणारा काचेचा दुसरा टँक.) तुमच्या मापाला ६० × ३५ × ४० सेंमीचा संप पुरतो. तीन कप्पे करा: पहिल्यात वरून येणारं पाणी आणि २०० मायक्रॉनचा फिल्टर सॉक (गाळायची पिशवी), मधल्यात स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि हीटर, शेवटच्यात पाणी वर टँकमध्ये परत चढवणारा रिटर्न पंप. मधल्या कप्प्यातली पाण्याची उंची आडव्या काचेवर ठरते, म्हणून स्किमर आधी ठरवा आणि त्याच्या पत्रकात जेवढी खोली दिली असेल त्यानुसार काच कापून घ्या. हा क्रम उलटा झाला की स्किमरखाली टाइल्सचे तुकडे रचत बसावं लागतं.

खरा जैविक फिल्टर म्हणजे टँकमधला सच्छिद्र दगड. तुमच्या टँकला १२ ते १५ किलो कोरडा रीफ रॉक पुरे. बायोबॉल (फिल्टरमध्ये भरायचे प्लास्टिकचे गोळे) नकोत, त्यांत गाळ अडकून नायट्रेट वाढतो. सॉक तीन-चार दिवसांनी बदला. तो आठवडाभर तसाच राहिला तर पकडलेली घाण तिथेच कुजते आणि मग सॉक असून नसल्यासारखा.

स्किमर ३०० ते ४०० लिटरवाला घ्या. रिटर्न पंपावर २००० लिटर/तास लिहिलेलं असलं तरी सव्वा मीटर वर चढवताना त्यातलं निम्मंच मिळतं. तुम्हाला ताशी ७००-८०० लिटर पुरेसे आहेत, म्हणजे २०००चा पंप बरोबर. कोरलला लागणारा प्रवाह रिटर्नने भागवायचा नाही. त्यासाठी टँकमध्ये दोन छोटे वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप) समोरासमोर, मिळून ताशी ३००० लिटरच्या आसपास.

कार्बन १०० ग्रॅम, जाळीच्या पिशवीत, महिन्याला नवा. लेदर कोरल इतर कोरलना त्रास होईल अशी रसायनं पाण्यात सोडतं, त्यामुळे तुमच्या यादीला कार्बन हवाच.

खारट_पाणी

वरच्या उत्तरात एक राहिलं, आणि पाणी जमिनीवर येतं ते यामुळेच.

करंट गेला की रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो. त्याचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत टँकचं पाणी खाली संपमध्ये येत राहतं. तुमच्या टँकमध्ये १ सेंमी उंचीचं पाणी म्हणजे सुमारे ३.८ लिटर. तोंड पृष्ठभागाखाली २ सेंमीवर असेल तर ८ लिटर खाली येतील, त्यात पाइप आणि ओव्हरफ्लोमधले (टँकचं वरचं पाणी खाली संपमध्ये नेणारी वाट) दोनेक मिळवा. संपमध्ये १ सेंमी म्हणजे २ लिटर, म्हणजे संपची पातळी ५ सेंमी चढेल. हे चालतं. पण तोंड १० सेंमी खाली असेल तर ३८ लिटर येतात, संप १९ सेंमी चढतो आणि हॉलमध्ये खारं पाणी. पाइपला सायफन तोडायचं भोक पाडतात, पण त्यात शेवाळ आणि मीठ बसतं आणि नेमकं त्या दिवशी ते बुजलेलं असतं. भोकावर विसंबू नका, तोंडच वर ठेवा.

ओव्हरफ्लोला दोन भोकं पाडून घ्या, एक मुख्य आणि एक आपत्कालीन. मुख्य पाइपमध्ये गोगलगाय अडकली की दुसरा वाचवतो. हार्डवेअरच्या दुकानात टाकी निपल मिळतात, ते यूपीव्हीसीचेच घ्या. पितळी निपल किंवा पितळी कॉक खाऱ्या पाण्याला लावायचा नाही, पितळेतलं तांबं सुटतं आणि गोगलगाय, कोळंबी, कोरल सगळं मारतं. टफन्ड काचेला भोक पडत नाही, ती फुटते, म्हणून काच साधी आहे ना ते विचारून घ्या.

निपाणी_रीफ

लाईटचं सांगतो. आधी वॅट आणि लुमेन बाजूला ठेवा. कोरलच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं, झूझँथेली, निळ्या प्रकाशावर जास्त काम करतात, साधारण ४२० ते ४६० नॅनोमीटर. लुमेन माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड मोजतो आणि आपला डोळा निळ्याला कमी दाद देतो. मोबाईलमधलं लक्सचं ॲपही याच कारणाने निळ्या लाईटखाली फसवतं. मोजायचं असतं ते ‘पार’ (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप). मऊ कोरलना ५० ते १५० पुरतं.

६५०० केल्विनची पट्टी वापरू नका. मासे छान दिसतील, पण हिरवं-तपकिरी शेवाळ कोरलच्या आधी वाढेल.

बाजारात १६५ वॅटची, पांढरा आणि निळा असे दोन वेगळे डिमर असलेली चौकोनी रीफ एलईडी मिळते. तुमच्या यादीला ती भरपूर झाली. एक लाईट साधारण ६० सेंमी लांबी नीट उजळते, टँक ९०चा आहे, म्हणजे दोन्ही कडा मंद राहतील. दुसरी लाईट घ्यायची गरज नाही. मशरूम कडेला खाली लावा, त्यांना मंद उजेडच आवडतो. झोअँथस आणि लेदर मध्यावर.

पाण्यापासून ३० ते ४० सेंमी वर टांगा. पहिल्या आठवड्यात निळा २५ टक्के, पांढरा ५ टक्के, दिवसाला ८ तास. मग दर आठवड्याला निळा ५ टक्क्यांनी वाढवा. ५०-६०वर थांबा आणि कोरलकडे बघा. झोअँथसचे देठ उंच ताणले तर उजेड कमी. मशरूम आक्रसून कडा आत वळल्या, रंग फिका पडला, तर उजेड जास्त. नवी लाईट पहिल्या दिवशी शंभरवर नेली की झूझँथेली बाहेर टाकली जातात आणि कोरल पांढरं पडतं. कमी उजेडात ते महिनाभर तग धरतं, जास्त उजेडाने चार दिवसांत जातं.

लाईट इन्व्हर्टरवर घेऊ नका. दोन दिवस अंधार राहिला तरी कोरलना काही होत नाही. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर, १० ते २० वॅटचा. तेवढ्याने पृष्ठभाग हलत राहतो आणि ऑक्सिजन मिळतो, तुमची बॅटरी ते रात्रभर ओढते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घरघरतात आणि तापतात.

शहापूर_तीनफुटी

खूप आभार. संप पक्का. पाण्याचं विचारतो. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे, त्यावर "कॉपर" असं लिहिलंय. त्याचं पाणी घेऊ का? नळाला राकसकोप-हिडकलचं पाणी येतं, बोअरही आहे.

खानापूर_रोड

तो आरओ टँकला अजिबात वापरू नका. त्यात तांबं मुद्दाम मिसळतात. माणसाला जेवढं चालतं तेवढ्यात कोळंबी मरते, आणि तांबं दगडात मुरलं की निघता निघत नाही.

साधा घरगुती आरओही अपुरा पडतो. त्यात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. तुम्हाला हवा तो गाळ फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन असलेला संच. ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) मेम्ब्रेन ताशी दहा-बारा लिटर देतो, तोही नळाचा दाब चांगला असेल तर, नाहीतर बूस्टर पंप लावावा लागतो. टीडीएस मीटरवर ० यायला हवं, २-३ दिसू लागलं की रेझिन बदला. नळाचं पाणी घ्या, बोअरचं नको. बोअरचं पाणी जड असेल तर रेझिन फार लवकर संपतं. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा पहिला गाळ फिल्टर लालसर दिसायला लागला की बदला, वेळापत्रकाची वाट बघू नका. बाहेर जाणारं पाणी धुण्याला, झाडांना.

आता मालवण. दगड आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या अनुसूची १मध्ये आपल्या समुद्रातली रीफ बांधणारी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, सी फॅन हे सगळं येतं, वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडाही गुन्हा ठरतो. कोरल विकत घेतानाही बिल आणि आयातीचे कागद मागा, दुकानदाराने टाळाटाळ केली तर सोडून द्या. मला या छंदातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

समुद्राचं पाणीही परवडत नाही. २०० लिटर म्हणजे २०० किलो, घाट चढून. कॅनमधल्या अंधारात सूक्ष्म जीव मरून अमोनिया होतो, आणि पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नद्यांमुळे पातळ आणि गढूळ असतं. सिंथेटिक मीठ लिटरला साधारण ३७ ग्रॅम. तुमच्या १९० लिटरला सुरुवातीला ७ किलो, मग आठवड्याला २० लिटर बदलायला पाऊण किलो. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियम पांढरी पूड होऊन तळाशी बसतं. क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५च्या द्रावणावर जुळवून घेतलेला.

आपल्याकडचा जांभा चिराही टाकू नका. भोकं बघून मोह होतो, पण त्यात लोह भरपूर, चुरा सुटतो आणि पाणी तांबूस होतं.

खारट_पाणी

आपल्या हवेचंही बघा. एप्रिल-मेमध्ये पाणी २९-३०वर जातं. संपवर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतं, पण बाष्पीभवन दिवसाला ४ लिटरपर्यंत जातं. मीठ उडत नाही, पाणी उडतं. पाच दिवस भर घातली नाही तर १९० लिटरचे १७० होतात आणि क्षारता ३५ची ३९. म्हणून भर रोज घाला, किंवा ऑटो टॉपअप (पातळी घटली की आपोआप भर घालणारं यंत्र) लावा. भर आरओ-डीआय संचाच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. घटलेली पातळी फक्त शेवटच्या कप्प्यात दिसते, म्हणून हीटर तिथे ठेवायचा नाही. पाणी उतरलं की तापलेली काच उघडी पडून तडकते.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर लागतोच. २०० वॅटचा एक घेण्याऐवजी १०० वॅटचे दोन घ्या. एक चालूच राहून अडकला तरी एकट्याने टँक शिजत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा थोडं धरून ठेवतो. २५-२६ अंश ठेवा.

बोर्ड संपच्या वर नाही, बाजूला भिंतीवर. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. ३० मिलीॲम्पची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या, यात काटकसर नको. स्टँड स्क्वेअर पाइपचा, इपॉक्सी रंगाचा. पाणी, काच, दगड आणि संप मिळून वजन ३०० किलोला टेकतं.

शहापूर_तीनफुटी

शेवटचं: सगळं जोडल्यावर मासे किती दिवसांनी? आणि स्किमरमधून पाणी उतू जातं असं वाचलं, ते का?

खारट_पाणी

कोरड्या दगडावर बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे धरा. अमोनिया २ पीपीएमपर्यंत चढवा, आणि तो २४ तासांत शून्यावर यायला लागला, नायट्राइटही शून्य दिसला, की मग आधी एक क्लाऊनफिश. कोरल त्यानंतर महिन्याने. नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१च्या दरम्यान असू द्या. दोन्ही शून्यावर नेऊ नका, तिथे तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट (एक प्रकारचे सूक्ष्म जीव) येतात. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच या एककात मोजतात) ८-९ डीकेएच.

नवा स्किमर पहिला आठवडा बेभरवशाचा असतो. प्लास्टिकवरचं तेल आणि नवं सिलिकॉन यामुळे बुडबुडे भलतेच उठतात, कप तासात भरतो. झडप पूर्ण उघडी, फेस मानेच्या खालीच, आणि सात-आठ दिवस हात लावू नका. नंतर घट्ट तपकिरी मळी येऊ लागेल. गोड्या पाण्यासाठीचं क्लोरीन काढायचं औषध टाकलंत तर पुन्हा उतू जाईल, त्यातली माशांच्या अंगावर बुळबुळीत थर धरणारी द्रव्यं फेस करतात. डीआय पाण्याला ते औषध लागतही नाही.

आणि मीठ घालायच्या आधी, नळाच्या साध्या पाण्यावर सगळं चालवून पंपाचं बटण बंद करा. वरचं पाणी खाली येऊन थांबलं की संपच्या काचेवर मार्करने रेघ मारा. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा. प्रत्येक वेळी पाणी त्याच रेघेवर थांबायला हवं, आणि रेघेच्या वर संप किमान ५ सेंमी रिकामा. आठ-दहा वेळा बघा, मग ते पाणी काढून टाका आणि मीठ कालवायला घ्या.