मदत हवी आहे: दोन वेगळ्या पिस्तुलांतून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या केसवर (पुंगळ्यांवर) सारख्याच रेषा

एमएससी फॉरेन्सिकचा प्रोजेक्ट आहे. एकाच मॉडेलच्या दोन 9 एमएम पिस्तुलांच्या केसेस कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली लावल्या तर प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) उमटलेल्या ब्रीच फेसच्या (काडतुसाच्या बुडाला टेकणारा पिस्तुलाचा सपाट भाग) समांतर रेषा चक्क जुळतायत, म्हणजे ही सबक्लास खूण (एकाच पिस्तुलाची नाही, तर एकाच टूलने बनलेल्या अनेक पिस्तुलांत सारखी येणारी) असणार, कारखान्यात एकाच टूलने ब्रीच फेस कापल्यामुळे आलेली. लाइट तिरका करून, अँगल बदलून, एकाच लॉटची काडतुसं वापरूनही तेच. फायरिंग पिनचा खड्डा दोन्हीकडे गुळगुळीत, एक्स्ट्रॅक्टरची (केस बाहेर ओढणारा हुक) खूण पुसट. थ्रीडी स्कॅनर नाहीये आणि पिस्तुलं परत गेलीत, त्यामुळे ब्रीच फेसचा कास्ट (साचा) घेता येणार नाही. बॅरल झुकणारं मॉडेल असल्याने अॅपर्चर शिअरच्या रेषा (बॅरल झुकताना प्रायमर फायरिंग पिनच्या भोकाच्या कडेवर घासून आलेल्या) मात्र स्पष्ट आहेत. तर फक्त त्यांवरून कुठली केस कुठल्या पिस्तुलाची हे ठामपणे सांगता येईल का, की त्यांच्यातही सबक्लासचा धोका असतो?