शब्दचर्चा : 'कोयता' म्हणजे किती माणसं?

आमच्या वाळवा तालुक्यात उसाचा गळीत हंगाम लागला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि कानावर येतं, 'यंदा टोळीत बारा कोयते हायती.' परवा मुलीनं विचारलं, बारा कोयते म्हणजे बारा माणसं का? मी हो म्हणाले, पण मग मलाच शंका आली. कुणी नीट सांगाल का?

—

ताई, बारा नव्हे, चोवीस. फडात कोयता हे हत्याराचं नाव आहे, तसंच ते मोजमापही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस आलं तर 'अर्धा कोयता'. मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, खाडा (गैरहजेरी) धरतो तोही कोयत्यावर. वहीत नाव बहुतेक नवऱ्याचं असतं.

बाई पाचट (उसाची वाळकी पानं) काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, कित्येकदा तोडतेही. रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला तीही उठते. एवढं करून तिची मजुरी किती, याला उत्तरच नाही, कारण टनाचा दर दोघांना मिळून एक.

1976 च्या समान वेतनाच्या कायद्यात 'समान काम किंवा समान स्वरूपाचं काम' असे शब्द होते. अशा कामाला बाईला पुरुषापेक्षा कमी द्यायचं नाही. त्याची जागा घेतलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व आहे. पण कमी मिळतं हे दाखवायला आधी तिची म्हणून काही मजुरी असावी लागते. कोयता या शब्दानं तीच पुसून टाकली आहे, आणि मला हे फार लागतं.

याउलट रोजगार हमीच्या हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं लागतं. ती योजना उभी करणारे वि. स. पागे तुमच्याच सांगली जिल्ह्यातले, तासगावकडचे. त्यांच्या मातीत उसाच्या फडातली बाई अजून 'अर्धा कोयता' आहे.

—

मी कराडकडची. गेल्या हंगामात आमच्या रानात एक विधवा बाई भावासोबत तोडीला आली होती. 'हिचा अर्धा धरलाय,' असं मुकादम म्हणाला, तेव्हा मला तो नुसता हिशेब वाटला. जाताना पैसे भावाच्या हातात गेले. तिच्या अर्ध्याचे किती झाले, हे मी विचारलं नाही. यंदा ती आली तर आधी तिलाच विचारणार आहे.