पितळी आयबोल्ट काळे केले की रंग बोटाला लागतो

डोलकाठी_६४
'ट्रिंकोमाली'चं १:६४ मॉडेल चालू आहे (मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली फ्रिगेट जातीची युद्धनौका, १८१७). खऱ्या जहाजावर आयबोल्ट (दोर अडकवायच्या कडीचे बोल्ट), चेनप्लेट (डोलकाठीचे दोर बांधायच्या पट्ट्या) लोखंडी, म्हणून पितळेचे हे भाग काळे हवेत. बर्चवूड केसी कंपनीचं ब्रास ब्लॅक, म्हणजे पितळ काळं करायचा द्राव, बाटलीतून थेट लावतो. लगेच काळं होतं, पण पुसलं की काजळीसारखं हाताला येतं. डाग (सोल्डर) दिलेल्या जोडांवर तर रंग धरतच नाही. तळाच्या तांब्याच्या पत्र्यांनाही हेच लावू का?

सुकाणू
द्राव फार तीव्र आहे. थर झपाट्याने बसला की भुसभुशीत होतो. एका भागाला आठ भाग डिस्टिल्ड वॉटर घाला.

त्याआधीची सफाई महत्त्वाची. लॅकर आणि तेल जायला ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं. मग अर्धा कप व्हिनेगर आणि चमचाभर मीठ, त्यात दहा-पंधरा मिनिटं. स्वच्छ धुवा आणि त्यानंतर बोट लावू नका. चिमटा प्लास्टिकचाच घ्या: वापरलेल्या व्हिनेगरमध्ये तांबं उतरलेलं असतं, लोखंडी चिमटा बुडाला की ते पितळेवर चढून गुलाबी डाग पडतात.

ब्रास ब्लॅकमध्ये भाग सतत हलवत ठेवा. आधी तपकिरी, दोन-चार मिनिटांत काळा होतो. धुवा, वाळवा, मऊ कापडाने घासा. फिका वाटला तर पुन्हा बुडवा. द्रावात सेलेनियम आहे, तेव्हा हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच.

जोडावर रंग धरत नाही कारण तिथे वर कथील असतं. जादा सोल्डर ब्लेडने खरवडा, उरलेल्यावर मॅट काळ्या ॲक्रिलिकचा टिपका. आणि हे सगळं भाग बसवण्याआधी. द्राव आम्लधर्मी आहे, लाकडात झिरपला तर भोकाभोवतीचा डाग जात नाही.

नांगरवाला
पत्र्यांना ब्रास ब्लॅक नको, तळ तव्यासारखा दिसेल. सर्वांत चांगलं म्हणजे काहीच न करणं: काही महिन्यांत तांबं आपोआप तपकिरी होतं. फक्त बोटांचे ठसे आताच काढा, नाहीतर ते ठसेच आधी काळे पडतील. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ॲसिटोन लावलंत तर सुपरग्लू सुटून पत्रे हातात येतील.

घाई असेल तर लिव्हर ऑफ सल्फर (तांबं काळवंडवणारं गंधकाचं रसायन). पाव लिटर कोमट पाण्यात वाटाण्याएवढा खडा, कापसाच्या काडीने एकेका पत्र्यावर. काही सेकंदांत रंग बदलतो. हवी ती छटा आली की खायच्या सोड्याच्या गार पाण्याने पुसा. आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा. वरच्या व्हिनेगरशी याची गाठ पडू देऊ नका, हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो विषारी आहे, नुसती घाण वासाची बाब नाही.

डोलकाठी_६४
किटमधल्या तोफा पांढऱ्या धातूच्या ओतीव आहेत. त्याही बुडवू?

सुकाणू
नको, करडे चट्टे पडतील. प्रायमर, त्यावर मॅट काळा, आणि कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळा. गंजाचे ओघळ मात्र काढू नका. आरमारी जहाजावर लोखंड रंगवलेलं असायचं, आणि १:६४ ला एक मिलिमीटरचा ओघळही खऱ्या मापात सहा सेंटिमीटरहून रुंद ठरतो.

नांगरवाला
ओघळांचं पटलं. पितळेवर शेवटी वार्निशऐवजी मेण लावून बघा. वार्निशने काळा रंग ओला दिसतो.