युझर ॲडमिन ग्रुपमध्ये आहे तरी पॅकरच्या स्क्रिप्टला ॲक्सेस डिनाइड, कुठे चुकतंय?

कोथरूड_कंपायलर
नमस्कार मंडळी, डोक्याचा पार भुगा झालाय, कोणाला कळत असेल तर बघा जरा. टेस्टिंगला आम्हाला विंडोज सर्व्हर 2019 च्या व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सारख्या लागतात, आधी हातानेच बनवायचो, आयएसओ लावा, नेक्स्ट नेक्स्ट करा, आयआयएस हा वेब सर्व्हर चढवा, आमचा एमएसआय (इन्स्टॉलर) टाका, अपडेट मारा, अख्खा दिवस त्यातच. आता सगळं पॅकर या व्हीएमच्या इमेज आपोआप बनवणाऱ्या टूलवर नेतोय, खाली व्हर्च्युअलबॉक्स. ऑटोअनअटेंड फाइलमधून (सेटअपची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) विंडोज आपापलं लागतं, त्यातच 'बिल्डर' नावाचा लोकल युझर बनतो, पॅकर 5985 पोर्टवर विनआरएमने (विंडोजवर नेटवर्कवरून कमांड चालवायची सोय) एनटीएलएम लॉगिन वापरून कनेक्टही होतो. इथवर मस्त.

पण पॉवरशेलची स्क्रिप्ट सुरू झाली की आयआयएस लावायच्या पहिल्याच ओळीला सांगतो तुला हक्क नाहीत. रजिस्ट्रीत एचकेएलएमखाली (अख्ख्या मशीनच्या सेटिंग) लिहायला गेलो, ॲक्सेस डिनाइड. सर्व्हिस थांबवायला गेलो, ॲक्सेस डिनाइड. आणि गंमत म्हंजे तीच स्क्रिप्ट व्हीएमच्या खिडकीत त्याच बिल्डर युझरने लॉगिन करून, राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून चालवली तर वरपासून खालपर्यंत सुरळीत चालते. युझर ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये आहे, शंभर वेळा तपासलंय. पॅकरच्या प्रोव्हिजनरमध्ये (व्हीएममध्ये स्क्रिप्ट चालवणारी पायरी) एलेव्हेटेड युझर आणि एलेव्हेटेड पासवर्ड देऊनही बघितलं, तर स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधीच 0एक्स80070005, म्हणजे परत ॲक्सेस डिनाइडच. काय भानगड आहे ही?

बिनधास्त_बॅच
यूएसी, ते यस-नो विचारणारं, बंद कर ना भावा. रजिस्ट्रीत एनेबलएलयूए शून्य, रीस्टार्ट, विषय संपला. आमच्याकडे सगळ्या सर्व्हरवर असंच आहे, आजवर कुणी काही बोललं नाही.

एसआरई_ताई
बिनधास्त, नावाला जागलास. हे नका करू कोणी. एकतर यूएसी बंद केलेल्या मशीनवर टेस्ट केलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे यूएसी चालू असलेल्या मशीनवर फाटकन आपटतं आणि मग 'आमच्याकडे तर चालत होतं' हे पालुपद सुरू. दुसरं, विंडोज 8 ला हे बंद केलं की स्टोअरची ॲप उघडायचीच नाहीत, म्हणजे तो निव्वळ पॉपअप बंद करायचा स्विच नाहीये, खाली बरंच काही त्यावर उभं आहे.

कंपायलर, मला एक सांग. पॅकरमधून फक्त एकच ओळ चालव, हूॲमआय स्लॅश ग्रुप्स, आणि ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या ओळीपुढे काय लिहून येतंय ते इथे टाक. आणि बिल्डर अजून कुठल्या ग्रुपमध्ये आहे तेही.

कोथरूड_कंपायलर
ताई, ॲडमिनिस्ट्रेटर्सपुढे 'ग्रुप यूज्ड फॉर डिनाय ओन्ली' असं येतंय. आणि सगळ्यात खाली मीडियम मँडेटरी लेव्हल. बाकी युझर्स आहे, आणि रिमोट मॅनेजमेंट युझर्स आहे. हा दुसरा ग्रुप मी नाही टाकलेला, ऑटोअनअटेंड फाइल ज्याच्याकडून आली त्याच्यात आधीपासूनच होता, त्याला विचारलं तर म्हणाला त्याशिवाय कनेक्टच होत नव्हतं.

एसआरई_ताई
सापडला चोर. नीट बसून वाच, जरा लांब आहे.

विंडोजमध्ये ॲडमिन ग्रुपमध्ये असणं आणि चालू प्रोसेसच्या हातात ॲडमिनचं टोकन, म्हणजे हक्कांचा पास, असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व्हिस्टा आलं तेव्हापासून म्हणजे 2007 पासून. खिडकीत लॉगिन केलंस की विंडोज तुला दोन टोकन देतं, एक छाटलेलं आणि एक पूर्ण, रोजचं काम छाटलेल्यावर चालतं आणि रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं की पूर्ण वालं बाहेर निघतं. पण नेटवर्कवरून आलास, म्हणजे विनआरएमने, तर तिथे यस-नो विचारायला समोर खिडकीच नाही, त्यामुळे लोकल अकाउंटला सरळ छाटलेलं टोकन मिळतं. डिनाय ओन्ली म्हणजे हेच, की या ग्रुपचं नाव तुला काही नाकारायच्या वेळी मोजलं जाईल, द्यायच्या वेळी नाही. कागदावर तू ॲडमिन, प्रत्यक्षात साधा युझर.

आता तू म्हणशील मग कनेक्ट तरी कसं झालं. तर तिथेच तो रिमोट मॅनेजमेंट युझर्स ग्रुप येतो. सर्व्हर 2012 पासून आलेला हा ग्रुप, त्यात असलेल्या माणसाला विनआरएमचं दार उघडतं, बाकी काही हक्क मिळत नाहीत. तुझ्या त्या मित्राला सुरुवातीला दारातच ॲक्सेस डिनाइड आला असणार, कारण छाटलेल्या टोकनमध्ये ॲडमिन ग्रुप धरला जात नाही, मग त्याने या ग्रुपात टाकून दार उघडलं आणि खरा प्रॉब्लेम आत ढकलला. तो ग्रुप नसता तर तुला पहिल्याच पायरीला कळलं असतं.

एलेव्हेटेड युझर का नाही चालला, त्याचंही कारण हेच. पॅकर तिथे काय करतो तर विनआरएममधून आत जाऊन एक शेड्यूल्ड टास्क बनवतो, तिला रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस लावतो आणि तुझी स्क्रिप्ट त्या टास्कमधून चालवतो. पण तशी टास्क बनवायलाच ॲडमिनचं टोकन लागतं, ते तुझ्याकडे नाही, म्हणून स्क्रिप्टच्या आधीच फुटतंय.

उपाय: रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम या जागी लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी नावाची डीवर्ड (आकड्याची नोंद) बनव, किंमत 1, मग नेटवर्कवरून आलेल्या लोकल अकाउंटचं टोकन छाटलं जात नाही. हे पॅकरमधून नाही करता येणार हे उघड आहे, ऑटोअनअटेंडमध्येच टाकावं लागेल, आणि तिथे स्पेशलाइझ पासमध्ये (सेटअपचा एक टप्पा) रनसिंक्रोनसखाली टाक, तो भाग सिस्टिमच्या हक्काने चालतो त्यामुळे यूएसीचा संबंधच येत नाही. आणि तो रिमोट मॅनेजमेंट युझर्स ग्रुप काढून टाक, गरज नाही.

दादर_डीबगर
ताईंनी सगळं सांगितलंच आहे, एक भर घालतो. विनआरएम क्विककॉन्फिग किंवा एनेबल पीएस-रिमोटिंग चालवलं तर ही डीवर्ड ते स्वतःच 1 करतात, म्हणून विंडोज 10 च्या व्हीएमवर बऱ्याच जणांना हा त्रास कधी कळतच नाही, तिथे विनआरएम बंद असतं आणि ते चालू करायला या कमांड चालवाव्याच लागतात. सर्व्हरवर मात्र 2012 पासून विनआरएम मुळातच चालू असतं, त्यामुळे कोणी क्विककॉन्फिगच्या वाटेला जात नाही, हाताने दोन-तीन सेटिंग बदलतात आणि मोकळे होतात, आणि मग हीच स्क्रिप्ट तिकडे चालते इकडे का नाही यावर चर्चा झडतात.

दुसरा रस्ता म्हणजे मुळातला ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट, ज्याच्या एसआयडीच्या (विंडोजच्या आतल्या ओळख क्रमांकाच्या) शेवटी 500 असतं. त्याचं टोकन डिफॉल्टला छाटलं जात नाही. सर्व्हरवर तो चालू असतो, क्लायंट विंडोजवर बंद. आणि डोमेन अकाउंट (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरवरचा) असेल आणि तो मशीनच्या ॲडमिन ग्रुपमध्ये असेल तर त्यालाही ही छाटणी लागू नाही, पण पॅकरच्या बिल्डला डोमेन कुठून आणणार.

कोथरूड_कंपायलर
ताई, दादा, दोघांचे पाय धुवून पाणी प्यायला पाहिजे. स्पेशलाइझमध्ये ती ओळ टाकली, परत बिल्ड लावला, हूॲमआयमध्ये आता हाय मँडेटरी लेव्हल येतंय, आयआयएस लागलं, रजिस्ट्री लिहिली गेली.

पण पुढे दोन जागी अजून अडलंय. विंडोज अपडेटची स्क्रिप्ट परत ॲक्सेस डिनाइड देते, टोकन पूर्ण असूनही. आणि आमचा एमएसआय ऑफिसच्या नॅसवर (नेटवर्कवरचं स्टोरेज) शेअरमध्ये आहे, तो पाथ व्हीएममधून हाताने उघडतो, पॅकरमधून नाही उघडत. मग एलेव्हेटेड युझर सिस्टिम केला, पासवर्ड रिकामा, तर अपडेट चालले पण शेअर अजूनही नाहीच.

दादर_डीबगर
अपेक्षितच आहे. आता टोकनचा प्रश्न संपला, लॉगिनच्या प्रकाराचा सुरू झाला. विंडोज अपडेटचं जे एपीआय आहे ते रिमोट सेशनमधून डाउनलोड-इन्स्टॉल करूच देत नाही, तू कितीही मोठा ॲडमिन अस. म्हणून सगळी टूल्स शेड्यूल्ड टास्कचा वळसा घेतात, अन्सिबल या ऑटोमेशन टूलचं विन-अपडेट्स मॉड्यूलही आतल्या आत तेच करतं.

शेअरचं म्हणशील तर तो डबल हॉप. एनटीएलएमने आलास तेव्हा तुझा पासवर्ड व्हीएमपर्यंत गेलेलाच नसतो, फक्त तू तूच आहेस एवढं सिद्ध होतं, मग व्हीएम तुझ्या नावाने पुढे नॅसकडे जाणार कशाच्या जोरावर? कागदपत्रं दाखवून गेटातून आत गेलास आणि कागदपत्रं बाहेरच राहिली, पुढच्या गेटावर काय दाखवशील, तसं. आणि सिस्टिम युझर म्हणजे नेटवर्कवर त्या मशीनचं स्वतःचं खातं, वर्कग्रुपमध्ये त्याला नॅस ओळखतच नाही.

तू एलेव्हेटेड युझर परत बिल्डर कर आणि त्याचा खरा पासवर्ड दे. मग टास्क पासवर्ड घेऊन लॉगिन करते, अपडेटही चालतील आणि शेअरही, फक्त नॅसवर त्याच नावाचं आणि पासवर्डचं खातं पाहिजे. नसेल तर स्क्रिप्टमध्ये आधी नेट यूज करून नॅसचं युझर-पासवर्ड द्यायचं. क्रेडएसएसपी (पासवर्ड पुढच्या मशीनला देणारी सोय) चालू करा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचशील, एका एमएसआयसाठी एवढा खटाटोप नको. मी तर म्हणेन शेअर सोडूनच दे, पॅकर स्वतः बिल्ड चालू असताना छोटा एचटीटीपी सर्व्हर उघडतो, एमएसआय त्या फोल्डरमध्ये ठेव आणि व्हीएममधून डाउनलोड कर. पासवर्डची कटकटच नाही.

सांगलीची_स्क्रिप्ट
मधेच घुसते, सॉरी. माझा लिनक्सवाला भाऊबंद प्रश्न आहे. उबुंटूच्या व्हीएममध्ये सुडो (ॲडमिन हक्काने कमांड चालवणारं) पासवर्डशिवाय चालावं म्हणून सुडोअर्स-डॉट-डी फोल्डरमध्ये नोपासवर्डची फाइल टाकली, व्हिसुडोने तपासली, बरोबर आहे म्हणतं, तरी सुडो पासवर्ड मागतंच आणि अन्सिबल 'मिसिंग सुडो पासवर्ड' म्हणून बोंबलतं.

एसआरई_ताई
फाइलचं नाव काय ठेवलंय? नावात टिंब असेल, म्हणजे शेवटी डॉट कॉन्फ वगैरे, तर सुडो त्या फोल्डरमधली ती फाइल वाचतच नाही, एररही देत नाही, गप्प पुढे जातो. शेवटी टिल्डा असेल तरी तसंच.

सांगलीची_स्क्रिप्ट
अगं बाई. डॉट कॉन्फच होतं! काढलं, चाललं. हे असं गप्प बसणं कोणाच्या डोक्यातून निघालं असेल देव जाणे.

दादर_डीबगर
एडिटरच्या बॅकअप फाइल्स आणि पॅकेज मॅनेजरने मागे सोडलेल्या फाइल्स चुकून वाचल्या जाऊ नयेत म्हणून आहे ते. आणि लक्षात ठेव, सुडोअर्समध्ये शेवटची जुळणारी ओळ जिंकते, तुझ्या फाइलनंतर येणाऱ्या एखाद्या फाइलने परत पासवर्ड लावला तर तोच लागू.

राइनकाठचा_मराठी
कंपायलर, एक गोष्ट इकडून. मी जर्मनीत आहे, इथे क्लायंटकडे जर्मन विंडोज असतं आणि तिथे ग्रुपचं नाव ॲडमिनिस्ट्राटोरेन. ऑटोअनअटेंडमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये ग्रुप नावाने लिहिला असशील तर युझर ग्रुपमध्ये जातच नाही. एसआयडीने लिही, एस-1-5-32-544, तो सगळीकडे तोच. तुमच्याकडे आज इंग्लिशच असेल पण ही इमेज उद्या कुठे जाईल सांगता येत नाही.

कोथरूड_कंपायलर
लिहून ठेवलं. एमएसआय एचटीटीपीवर हलवला, डाउनलोड होतो. पण आता इन्स्टॉलची पायरी नुसती लटकते, एरर नाही, काही नाही, शेवटी टाइमआउट.

दादर_डीबगर
शेड्यूल्ड टास्क सेशन शून्यमध्ये चालते, तिथे स्क्रीनच नाही. तुझा इन्स्टॉलर कुठेतरी 'ओके दाबा' म्हणून डबा उघडून बसलाय आणि तो कोणालाच दिसत नाहीये. एमएसआयएक्झेकला स्लॅश क्यूएन दे, स्लॅश एल स्टार व्ही देऊन लॉग फाइल काढ, आणि स्टार्ट-प्रोसेसने चालवत असशील तर वेट लाव नाहीतर पुढची पायरी आधीच पळेल. 3010 कोड आला तर घाबरू नको, तो फेल नाही, रीस्टार्ट मागतोय.

एसआरई_ताई
आणि हे चालल्यावर ती डीवर्ड तशीच इमेजमध्ये सोडू नकोस. ती 1 असली आणि सगळ्या व्हीएमवर बिल्डरचा पासवर्ड एकच असला, की कोणा एका मशीनमधून पासवर्डचा हॅश उचलला तर त्यावर बाकी सगळ्या मशीन उघडतात, हॅश फोडायचीही गरज नाही. रोज पाडून परत बांधायची, बंद नेटवर्कमधली लॅब असेल तर ठीक आहे, ऑफिसच्या नेटवर्कवर असेल तर अजिबात नाही. तिथे अकाउंट ठेवायचाच असेल तर लॅप्स लाव, प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड फिरता राहतो, एप्रिल 2023 पासून ते विंडोजच्या अपडेटमधूनच येतं. त्याला डोमेन किंवा एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची खाती) लागतं मात्र.

कोथरूड_कंपायलर
ऑफिसच्याच नेटवर्कवर आहेत ताई. पण शेवटच्या प्रोव्हिजनरमध्ये ती डीवर्ड शून्य केली तर त्यानंतर पॅकरला बंद करायला आत येताच येणार नाही ना?

एसआरई_ताई
बरोबर पकडलंस, म्हणून ती ओळ प्रोव्हिजनरमध्ये नाही टाकायची. पॅकरला शटडाउन कमांड म्हणून एक स्क्रिप्ट दे, तिच्यात आधी डीवर्ड पुसायची आणि लगेच खाली सिसप्रेप (इमेज क्लोनसाठी तयार करणारं टूल), जनरलाइझ आणि शटडाउन लावून. टोकन लॉगिनच्या वेळी बनतं, चालू प्रोसेसचं मधेच कोणी काढून घेत नाही, त्यामुळे तीच स्क्रिप्ट शेवटपर्यंत पूर्ण हक्काने चालते. क्लोन केलेल्या व्हीएमवर नंतर अन्सिबलने जायचं असेल तर त्यांना आधी डोमेनमध्ये घे आणि डोमेन अकाउंटने 5986 वर (विनआरएमचा एचटीटीपीएस पोर्ट) जा.

बिनधास्त_बॅच
ओके ओके, आमच्या सर्व्हरवरचं एनेबलएलयूए परत 1 केलं तर काय काय मोडेल याचा अंदाज कोणी देईल का?

एसआरई_ताई
वेगळा धागा काढ. आणि आधी स्नॅपशॉट घे.