टेरिटोरियल आर्मी: एवढ्याशा ट्रेनिंगवर बॉर्डरची ड्यूटी झेपते का?

ऐरोलीकर: भाऊ महापेला आयटीत आहे, टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, नोकरी सांभाळून लष्करात पार्टटाइम सेवा करतात ना, तिथल्या ऑफिसरचा फॉर्म भरायचं म्हणतोय आणि आईनं घर डोक्यावर घेतलंय. मला पण कळत नाहीये, पहिल्या वर्षी एक महिना बेसिक, मग वर्षाला दोन महिने, एवढ्यावर माणूस काश्मिरात काय करणार? मे 2025 मध्ये टीएच्या 32 पैकी 14 इन्फन्ट्री (पायदळ) बटालियन ड्यूटीला बोलवायची परवानगी दिली होती सरकारनं, म्हणजे शोभेचं काम नाहीये हे.

कळव्याचा_पक्या: अरे ते एवढंच नसतं, ऑफिसरला पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनला आयएमएत (इंडियन मिलिटरी अकॅडमी) तीन महिन्यांचं ट्रेनिंग पण असतं. तरी रेग्युलरवाल्याच्या मानानं कमीच, ते मान्य.

खारघर_दादा: सगळ्यांना एका मापात मोजू नका राव. रेल्वे आणि तेल कंपन्यांची टीए युनिट्स असतात, त्यांना संकटात आपलंच रोजचं काम चालू ठेवायचं असतं, तिथं इंजिन ड्रायव्हरला गाडी चालवायला लष्कर काय शिकवणार? काश्मीरच्या होम अँड हार्थ बटालियनमध्ये तर तिथलीच पोरं, रस्तान्‌रस्ता पाठ. आणि इन्फन्ट्रीवाले बरेचदा वर्षानुवर्षं ड्यूटीवरच असतात, पार्टटाइम फक्त नावाला. खरी गोची दहा महिने एसीत बसून थेट युनिटला जाणाऱ्याची, फिटनेस आणि फायरिंगचा हात दोन्ही जातात.

ऐरोलीकर: तो तर लिफ्टशिवाय दुसऱ्या मजल्यावर जात नाही 😅

कळव्याचा_पक्या: मग फॉर्म नंतर, आधी रोज सकाळी पारसिक हिलवर पळव त्याला.