आखातातल्या छोट्या अमिरातींची चांदीची स्मारक नाणी : सुरुवात कुठून करावी?

आमरसपुरी:
नमस्कार मंडळी. मामांनी शारजाहून आणलेलं एक नाणं माझ्याकडे आलंय. १९६४ सालचं, ५ रुपयांचं, वर चक्क जॉन केनेडी! तेव्हापासून वेड लागलंय. नेटवर अजमान, फुजैरा, रास अल खैमा, उम्म अल कुवेन यांची चकचकीत नाणी दिसतात. पण 'ही खरी नाणीच नव्हेत' असंही वाचलं. घ्यावीत का? आणि शारजाच्या नाण्यावर रुपये कसे? जाणकारांनी सांगावं.

तांब्याचा पैसा:
रुपयांचं नवल नको. तिकडे तेव्हा आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या तस्करीपायी आपला परकीय चलनाचा साठा झिरपू लागला म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी 'झेड' असलेल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि अमिरातींनी तो सोडला. दुबई-शारजाकडे कतार-दुबई रियाल आला, अबू धाबीने बहारीनचा दिनार धरला.

आता मुद्द्याचं. १९६९ ते ७१ मध्ये अजमान, फुजैरा वगैरेंनी स्वतःच्या नावाने जे 'रियाल' काढले, त्यांनी कुणी भाजी घेतली नाही. ते पेटीत घालून परदेशी संग्राहकांना विकण्यासाठीच पाडले होते. फुजैराच्या नाण्यावर निक्सन आणि अपोलो, अजमानच्या नाण्यावर लेनिन, शारजाच्या नाण्यावर मोनालिसा. तिथल्या माणसाचा याच्याशी संबंध काय? माझं मत : पैसे वाचवा.

डेऱ्यातला देवगडकर:
पैसाभाऊ, मजा तर त्यातच आहे की! वाळवंटातल्या चिमुकल्या अमिरातींनी लेनिनही पाडावा आणि निक्सनही, हे दुसरीकडे कुठे मिळणार? २ डिसेंबर १९७१ ला संयुक्त अरब अमिराती झाली (रास अल खैमा फेब्रुवारी ७२ मध्ये आली) आणि हा कारभार आटोपला. दोन-अडीच वर्षांचा खेळ, म्हणून विषय आटोपशीर. नवख्याला बरा.

फक्त चांदी एकसारखी समजू नका. अजमानचा १ रियाल ६४ टंचाचा (म्हणजे शंभरात ६४ भाग चांदी) आणि ४ ग्रॅमही भरत नाही. ५ रियाल ८३.५ टंचाचा, १५ ग्रॅमचा. तुमचा केनेडी ७२ टंचाचा, २५ ग्रॅमचा. 'प्युअर सिल्व्हर' लिहिलेल्या जाहिरातीवर जाऊ नका. कॅटलॉगमधलं वजन बघा आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर टाकून ताळा करा.

निवांत_नीता:
मी दोघांच्या मधली. स्मारकच हवं तर ज्याला तिथलाच संदर्भ आहे ते घ्या. बहारीनचे १९६८ चे ५०० फिल्स, ईसा टाउन या नव्या वसाहतीच्या उद्घाटनाचे, ८० टंच. आणि माझं सर्वांत लाडकं, ओमानचे १९७६ चे ५ रियाल, वन्यजीव मालिकेतले. अमिरात नव्हे, पण शेजारीच. त्यावर अरबी ओरिक्स आहे, हरणासारखा प्राणी, लांब सरळ शिंगांचा. नाणं निघालं तेव्हा रानात एकही ओरिक्स उरला नव्हता, १९७२ मध्येच संपले होते. प्राणिसंग्रहालयांत जगवलेले प्राणी १९८२ मध्ये पुन्हा ओमानच्या माळावर सोडले. असं नाणं हातात घेतलं की निक्सन फिका वाटतो, असो.

आमरसपुरी:
ताई, ओरिक्स पक्का! पण मामेभाऊ पुढच्या महिन्यात दुबईहून येतोय. त्याच्याकडून मागवू का? आणि केनेडी काळा पडलाय, पितांबरीने उजळवू?

निवांत_नीता:
नको नको नको! पितांबरी, टूथपेस्ट, रिठे, काहीही नको. प्रूफ नाण्याचा (खास संग्राहकांसाठी चकचकीत पाडलेल्या) आरसा एका घासणीत जातो, बारीक ओरखडे पडतात आणि किंमत निम्म्यावर येते. काळेपणा राहू द्या, अनुभवी संग्राहक त्यालाच पसंती देतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात असेल तर मात्र आजच काढा, हिरवट चिकट थर धरतो. कडक ॲक्रिलिकची डबी घ्या.

डेऱ्यातला देवगडकर:
मामेभावाबद्दल : दागिने सोडून कुठल्याही रूपातली चांदी सामानाच्या शुल्कमाफीत बसत नाही, नाणंसुद्धा. एक असलं तरी जाहीर करायचं, बिल सोबत ठेवायचं. त्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनात एक चक्कर मारा. केनेडी खिशात घेऊन जा, तिथे कुणीतरी अजमानशी अदलाबदल करायला तयार असतंच.

तांब्याचा पैसा:
केनेडी देऊ नका हो कुणाला. त्या सगळ्यांत रुपयाचं तेवढंच एक आहे.