थंडीनं मारलेली झाडं : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

सोलापूर म्हटलं की सगळे उन्हाळ्याचंच विचारतात. पण जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाणाऱ्यांना विचारा, काय गारठा असतो ते! दवबिंदू गोठल्याच्या बातम्या महाबळेश्वरच्या नाहीतर निफाडच्या, आपल्याकडे तसं होत नाही. तरी पारा दहा-अकराला टेकला की तुळस काळवंडते, कढीपत्ता गळतो, मनीप्लांट मान टाकतो. उष्ण हवेतल्या झाडांना इजा व्हायला शून्य अंश लागत नाही.

कुणाचं काय गेलं, काय परत आलं, ते लिहा. बर्फाच्या मुलखात राहणाऱ्या सोलापूरकरांनीही लिहा. फक्त मोबाइलवर बघितलेलं नको, स्वतःच्या कुंडीतलं सांगा.

जुळे सोलापूर, गच्चीवरून

झाडं झाकायची म्हटल्यावर आमच्याकडे चादरींना काय तोटा? जुनी सोलापुरी चादर जास्वंदीवर टाकली की पहाटेपर्यंत दव पिऊन अशी जड होते की कोवळ्या फांद्या मोडतात. आता कुंडीत चार काठ्या उभ्या करून वरून आईचं विरलेलं सुती पातळ सोडते. कापड पानांना टेकू द्यायचं नाही आणि ऊन आलं की काढायचं. शेजारच्या काकूंनी प्लास्टिक गुंडाळलं होतं. जिथं जिथं प्लास्टिक पानाला चिकटलं, नेमकी तिथंच पानं करपली. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र मी थंडीआधी खुडते, छाटणी अजिबात करत नाही. कोवळी फूट आली की तीच आधी काळी पडते.

होटगी रोड

कढीपत्त्याचा नुसता खराटा झाला होता. घरमालक रोज म्हणायचे, "अहो, उपटा ते, जागा अडवलीय." मी नखानं साल जरा खरवडली. शेंड्याकडं आत तपकिरी, कोरडं. वीतभर खाली हिरवं आणि ओलसर. मग कशाला उपटू? पाणी कमी केलं, खत बंद. होळीच्या सुमारास बुंध्याजवळून लालसर कोंब आले. आता मालकीणबाईच फोडणीला पानं न्यायला येतात.

मंद्रूपकडून

थंडीच्या नावावर खपवलेली निम्मी झाडं खरं तर पाण्यानं मरतात, असं माझं मत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, थंडीत झाड पाणी कमी पितं आणि लोक उन्हाळ्यासारखी रोज बादली ओततात. मुळं कुजली की पानं पिवळी पडतात, मग म्हणायचं गारठा बाधला. कुंडीत काळी माती निम्म्याहून कमी घ्या की ओ, बाकी वाळू आणि शेणखत घाला. अडेनियमची, म्हणजे फुगीर बुडाच्या वाळवंटी गुलाबाची, पानं गळाली तर घाबरू नका. बुड दाबून बघा. टणक असेल तर झोपलंय, मऊ लागलं तर कुजलंय.

नान्नज

बाग म्हणजे आमच्यासाठी द्राक्षाची. सोनाका ही जात आमच्याच गावची, नानासाहेब काळे यांनी थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षातून निवडलेली. मण्यांत पाणी उतरताना दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांत फार फरक पडला की हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते. त्याला आम्ही पिंक बेरीच म्हणतो. माल खायला चांगला असला तरी व्यापारी भाव पाडतो. म्हणून घडांना आधीच कागद गुंडाळायचा. मजुरी लागते, पण दुसरा इलाज नाही.

मूळ बाळीवेस, सध्या डॅलस

तुमचे दहा-अकरा अंश वाचून हसू आलं, माफ करा. फेब्रुवारी 2021 मध्ये इथं पारा उणे 19 च्या घरात गेला होता आणि त्यात टेक्सासभर वीज गेलेली. मोगरा आणि कढीपत्ता गॅरेजमध्ये आणले होते, पण वीजच नाही तर गॅरेज तरी काय गरम राहणार? पेशींमधलं पाणी गोठतं आणि त्यांची आवरणं फाटतात. म्हणून बर्फ वितळल्यावर पानं उकडलेल्या पालकासारखी लिबलिबीत होऊन लोंबत होती. कढीपत्ता गेला. कण्हेर जमिनीपर्यंत वाळली, सगळ्या गल्लीतली. लोकांनी ट्रक भरभरून काढून टाकल्या. आम्ही वाळकी खोडं तशीच ठेवली, कारण थंडी परत आली तर खालच्या भागाला तेवढाच आडोसा. उन्हाळ्यापर्यंत मुळांतून नवी फूट कमरेएवढी झाली.

संत्र्याची गंमत वेगळीच. तेही फुटलं, सगळे खूश! पण पानं तीन-तीनची आणि काटे हे एवढे. वरचं कलम मेलं होतं, जगला होता तो ज्यावर ते बांधलेलं असतं तो खालचा जंगली खुंट.

केगाव

डॅलसकर, हा मुद्दा इथल्या लोकांनीही लक्षात ठेवावा. आंबा, गुलाब, उमराण बोर ही कलमं असतात. जोडाच्या खालून फूट आली तर ती काढायची, नाहीतर आंब्याचा रायवळ होतो. डाळिंबाचं तसं नाही. ते बहुधा गुटीचं, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून केलेलं असतं, म्हणून मुळापासून वरपर्यंत एकच जात. बुडातून फुटलं तरी भगवा तो भगवाच राहतो. आमच्या शेजारीच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर लाल ही डाळिंबाची जात तिथलीच.

अक्कलकोट रोड

मोगरा थंडीत झोपतो. मेला म्हणून टाकू नका. एवढंच.

पूर्व भाग

माझ्या पपईचा शेंडा काळा पडून मऊ झालाय, खालचं खोड घट्ट आहे. तोडू का ठेवू?

मंद्रूपकडून

मऊ भाग कोरड्या दिवशी धारदार कोयत्यानं तिरका कापा, म्हणजे कापलेल्यावर पाणी साचणार नाही. पपईचं खोड आतून पोकळ असतं, म्हणून वर प्लास्टिकची पिशवी सैल बांधा. बाजूनं दोन-तीन फुटी आल्या तर एकच ठेवा. आणि पाणी, ताई, हात आखडून.